बँकॉकला घरचं जेवण घराबाहेर मिळतं

थाई जेवण म्हटलं की आपल्याकडच्या खवय्यांना ठरावीक नावं आठवतात. नारळाच्या दुधातली हिरवी किंवा लाल करी, आंबट-तिखट तॉम यम सूप, पॅड थाई नूडल्स आणि कच्च्या पपईचं सॅलड. लंडन, सिडनी, दुबई, पुणे, कुठेही जा, मेन्यूकार्डाची पहिली दोन पानं सारखीच. हा योगायोग नव्हे. थायलंडच्या सरकारने २००२ साली ‘ग्लोबल थाई’ नावाची योजना हाती घेतली. परदेशात थाई हॉटेलं वाढावीत, ती चव चाखून माणसांना त्या देशाची ओढ लागावी आणि थाई तांदूळ, फिश सॉस, मसाले यांची निर्यात वाढावी, असा तिचा हेतू होता. आचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, हॉटेल काढणाऱ्यांना कर्जं मिळाली, चांगल्या हॉटेलांना ‘थाई सिलेक्ट’ हे मानचिन्ह देण्यात आलं. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं ‘थाई पॅव्हिलियन’ त्याच्याही आधीचं, १९९०च्या दशकातलं. या साऱ्यामुळे थाई जेवण जगभर पोचलं, पण पोचलं ते निवडक. जे रंगीत आहे, सुगंधी आहे, पाहुण्यापुढे मांडण्याजोगं आहे, तेवढंच विमानात चढलं.

मागे राहिलं ते थाई माणसाचं रोजचं खाणं. ताप आलेल्या मुलाला काय देतात? उशिरापर्यंत काम करून बाहेर पडलेली बाई रात्री अकराला काय खाते? पगाराच्या आधीच्या आठवड्यात काय परवडतं? या प्रश्नांची उत्तरं हिरव्या करीत सापडत नाहीत. ती सापडतात पांढऱ्या, तपकिरी, मऊ, बरेचदा अजिबात तिखट नसलेल्या पदार्थांत. माझ्या मते थाई जेवण कळायला लागतं ते इथून.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. जिवाला बरं वाटणारं अन्न म्हणजे घरचं, आईच्या हातचं, असं आपण गृहीत धरतो. बँकॉकमध्ये हे अन्न बहुतेक वेळा रस्त्यावर मिळतं. तिथल्या भाड्याच्या अनेक खोल्यांना स्वयंपाकघरच नसतं. सकाळचा नाश्ता कोपऱ्यावरच्या गाडीवरून येतो, संध्याकाळची आमटी-भाजी प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून घरी जाते. एका दुकानात सहसा एकच पदार्थ, आणि तो करणारं कुटुंब दोन-तीन पिढ्या तेच करत आलेलं. अमुक गल्लीतल्या दुकानाची चव हीच कित्येकांच्या लहानपणाची चव असते.

याची मुळं चिनी स्थलांतरात आहेत. सयामचा राजा ताक्सिन (राज्यकाळ १७६७ ते १७८२) हा स्वतः तेओच्यू चिनी वडिलांचा मुलगा. १७८२ साली चक्री घराण्याने बँकॉकला राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्यासाठी घेतलेल्या जागेवरच्या चिनी वस्तीला थोडं पुढे, संफेंगला हलवलं. आजचा याओवारात हा चिनी बाजार त्याच परिसरातला. १८५५ साली इंग्रजांशी बाउरिंग करार झाला, तांदळाची निर्यात वाढली आणि भातगिरण्या, गोद्या, रेल्वे यांना मजूर हवे झाले. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरून हजारो पुरुष आले, बहुतेक एकटे. त्यांना रांधून घालणारं घरी कोणी नव्हतं. खांद्यावरच्या कावडीत एकीकडे शेगडी आणि दुसरीकडे वाडगे घेऊन फिरणारे विक्रेतेही त्यांच्यातलेच. थायलंडमध्ये आज जे साधं, आधाराचं खाणं मानलं जातं, त्यातलं निम्मं तरी या एकट्या माणसांच्या भुकेतून आलेलं आहे.

त्यात पहिला मान चोकचा. तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात किंवा हाडांच्या रश्श्यात इतका वेळ शिजवायच्या की दाणा उरत नाही, नुसती रेशमी खीर होते. तिच्यात डुकराच्या खिम्याचे छोटे गोळे सोडतात. वाडग्यात कच्चं अंडं फोडून वर उकळता चोक ओततात, अंडं त्या आंचेवरच अर्धवट शिजतं. वर आल्याचे केसासारखे बारीक काप, कांद्याची पात आणि पांढऱ्या मिरीची पूड. सोबत तळलेल्या मैद्याचे फुगीर तुकडे, पातोंगको, ते चोकमध्ये बुडवून खायचे. बँकॉकच्या बांग राक भागात चारोएन क्रुंग रस्त्यावर ‘जोक प्रिन्स’ नावाचं जुनं दुकान आहे. तिथल्या चोकला तळाशी किंचित लागल्याचा धुरकट वास येतो आणि लोक मुद्दाम त्या वासासाठी जातात.

पहिल्यांदा चोक चाखणाऱ्या मराठी माणसाला तो फिका वाटेल, पण चव कुठे लपली आहे ते कळलं की फिकेपणाची तक्रार राहत नाही. खिम्याच्या त्या गोळ्यांना कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि पांढरी मिरी यांचं खलबत्त्यात कुटलेलं वाटण लावलेलं असतं. ही तीन वस्तूंची जोडणी थाई स्वयंपाकाचा पाया आहे, करीपासून कबाबापर्यंत सगळीकडे ती सापडते. कोथिंबिरीच्या मुळाला पानांपेक्षा खोल, मातकट गंध असतो आणि तो शिजल्यावरही टिकतो. आपण जुडी निवडताना ती मुळं पहिल्यांदा कापून टाकतो. एकदा धुऊन, ठेचून रश्श्यात घालून पाहावीत. दुसरी गोष्ट तिखटाची. मिरची अमेरिकेतली, १६व्या शतकापासून पोर्तुगीजांबरोबर आशियात पसरलेली. त्याआधी थाई जेवणाला चटका होता तो मिरीचा आणि आल्याचा. चोकसारख्या पदार्थांत हा जुना, हळूहळू चढणारा तिखटपणा अजून शाबूत आहे.

चोकचं भावंड म्हणजे खाव तोम. यात शीत शाबूत राहतं, पाणी वेगळं दिसतं. मासे किंवा कोळंबी घालून केलेला खाव तोम सकाळी खातात, पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो रात्रीचा. साधी, मिठाविना पेज आणि तिच्याभोवती चमचमीत तोंडीलावणी. खारवलेलं अंडं, खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट, भडकत्या जाळावर परतलेली नाळीची भाजी, आंबवलेल्या सोयाबीनमधला मासा. कोकणात पेजेबरोबर भाजलेलं सुकट आणि लोणच्याची फोड घेणाऱ्याला ही पंगत ओळखीची वाटेल. खाव तोमची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि तिथे पाळी संपवून आलेल्या परिचारिका, टॅक्सीवाले आणि मद्यालयातून निघालेली मंडळी शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

खाव मन कै म्हणजे हैनान बेटावरून आलेला कोंबडीभात. ताटात बघायला काहीच नाही. पांढरा भात, पांढरी उकडलेली कोंबडी, काकडीचे चार काप, शेजारी कोहळ्याचं पातळ सूप. पण तो भात नीट खा. कोंबडी मंद आंचेवर, पाणी खळखळू न देता शिजवलेली असते. तिची चरबी वितळवून त्यात लसूण-आलं परततात, तांदूळ त्यात भाजतात आणि कोंबडीच्याच पाण्यात शिजवतात. म्हणजे कोंबडीची सगळी चव मांसातून निघून भातात येऊन बसलेली असते. सोबतची चटणी आंबवलेल्या सोयाबीनची, त्यात आलं, मिरची, लसूण, व्हिनेगर. अनोळखी दुकानाची पारख याच चटणीवरून करावी. प्रतुनाम भागातल्या ‘गो-आंग’ या दुकानात गुलाबी शर्टातली माणसं दिवसभर हेच एक ताट वाढत असतात आणि बाहेर रांग हटत नाही. याच घराण्यातला खाव खा मू, म्हणजे सोया सॉस, चक्रफूल, दालचिनी यांच्या रसात तासन्‌तास शिजवलेला डुकराचा पाय भातावर. तो गोडसर आणि तुपकट असतो, म्हणून बरोबर कच्ची लसूण, हिरवी मिरची आणि आंबवलेली मोहरीची पानं देतात. ती शोभेची नाहीत. एक घास मांसाचा, एक पाकळी लसणीची, असं आलटून पालटून खाल्लं तरच ते ताट जमतं.

इथे थाई जेवणाचं मर्म हाताला लागतं. बल्लवाने पूर्ण चव लावून दिलेला पदार्थ आणि तो मुकाट खाणारा गिऱ्हाईक, असा तिथला प्रकार नाही. मूळ पदार्थ सौम्य ठेवायचा आणि धार ज्याची त्याने लावायची. नूडल्सच्या प्रत्येक टेबलावर चार भांड्यांचं स्टँड असतं: साखर, सुक्या मिरचीची भरड, मिरची घातलेला फिश सॉस आणि मिरची घातलेलं व्हिनेगर. गोड, तिखट, खारट, आंबट. वाडगा आला की थाई माणूस आधी रस्सा चाखतो, मग चारही भांड्यांतून थोडं थोडं घालतो. आपल्याला सुपात साखर घालणं विचित्र वाटतं, पण चिमूटभर साखरेने आंबट आणि खारट एकमेकांत मिसळतात. मागवतानाही निवड तुमचीच. तांदळाच्या रुंद पट्ट्या, अरुंद पट्ट्या, शेवयांसारख्या बारीक, अंड्याच्या पिवळ्या की मुगाच्या पारदर्शक. रश्श्यासह की कोरड्या. बोट दाखवून सांगितलं तरी चालतं. आणखी एक सांगायला हवं. चॉपस्टिक्स फक्त नूडल्सना. भात खायचा तो उजव्या हातातल्या चमच्याने, डाव्या हातातला काटा नुसता घास ढकलायला. ही पद्धत १९व्या शतकात राजदरबारातून रुळली, त्याआधी मध्य थायलंडमध्ये आपल्यासारखंच हाताने जेवत.

नूडल्स मुळात चिनी. त्यांना थाई ओळख मिळाली ती काही अंशी सरकारी हुकमाने. फील्ड मार्शल फिबून सोंगख्राम १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान होता. त्यानेच १९३९ साली सयामचं नाव थायलंड केलं. १९४२ साली बँकॉकला मोठा पूर आला, युद्धकाळातली टंचाई होतीच. तेव्हा सरकारने लोकांना नूडल्स खा, नूडल्स विका, असा प्रचार केला, आणि पॅड थाईला राष्ट्रीय पदार्थाचं स्थान मिळालं ते याच काळात. पण कालव्यांवरच्या होड्यांतून विकल्या जाणाऱ्या नूडल्सना अशा प्रचाराची गरज नव्हती. बोट नूडल्सचा रस्सा काळसर, दाट, दालचिनी-चक्रफुलाच्या वासाचा, आणि त्याला दाटपणा येतो तो डुकराच्या किंवा बैलाच्या रक्ताने. हे माहीत असूनच मागवावं. वाडगा मात्र एवढासा, तीन-चार घासांचा. हलत्या होडीतून गिऱ्हाइकाच्या हातात देताना सांडू नये म्हणून तो लहान ठेवला, असं सांगतात. कालवे बुजून रस्ते झाले, होड्या गेल्या, दुकानं काठावर आली, तरी वाडगा लहानच राहिला. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या गल्लीत लोक रिकाम्या वाडग्यांची चळत रचत खातात.

आता पॅड क्रपावबद्दल जरा सविस्तर, कारण यात आपलं अगदी जवळचं काही आहे. दुपारी काय खावं सुचेना की थाई माणूस हेच मागवतो. ठेचलेली लसूण आणि मिरची कडकडीत कढईत टाकायची, खिमा परतायचा, फिश सॉस आणि सोया सॉसचा शिडकावा, आणि गॅस बंद करता करता मूठभर पानं. भातावर वाढून वर अंडं, तेही भरपूर तेलात तळलेलं, कडा कुरकुरीत आणि बलक वाहता. पाच मिनिटांत ताट तयार. ती पानं म्हणजे तुळस. तुळशीसारखी दिसणारी नव्हे, तीच. वनस्पतिशास्त्रात दोन्हींचं नाव एक, ऑसिमम टेन्युइफ्लोरम. आपल्या राम तुळशी-कृष्ण तुळशीसारखे पांढऱ्या आणि तांबड्या देठाचे प्रकार तिथेही आहेत. आपल्याकडे ती वृंदावनात, नैवेद्यावर, वारकऱ्याच्या गळ्यात. तिथे ती कढईत. मांसाबरोबर तुळस हा विचार अनेकांना पटणार नाही, आणि ते मी समजू शकते. पण चवीचं गणित पाहण्यासारखं आहे. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेच्या वासाचं तेच मुख्य द्रव्य. त्यामुळे पान परतलं की मिरी-लवंगेचा उग्र दरवळ सुटतो आणि तो मांसाच्या वासाला पुरून उरतो. तो काही मिनिटांत उडून जातो, म्हणून पानं शेवटी.

परदेशी हॉटेलांत गडबड होते ती इथेच. तुळस मिळत नाही म्हणून होरापा हे बडीशेपेच्या वासाचं गोडसर बेझिल घालतात. करीत ते छान लागतं, पण पॅड क्रपावमध्ये घातलं की पदार्थाचा कणाच जातो. वर सिमला मिरची, बेबी कॉर्न, कांदा घालून ती मिश्र भाजी करतात. चवळीच्या शेंगा घालाव्यात की नाही यावरूनसुद्धा थायलंडमध्ये हिरिरीने वाद होतात, मग सिमला मिरचीचं काय सांगावं! भारतातल्या थाई आचाऱ्यांना तुळस दाराशी उपलब्ध आहे. त्यांनी ती वापरावी, निदान चिकन किंवा टोफूच्या ताटात तरी, आणि ज्यांना नको त्यांना आधी सांगावं.

उत्तरेला चिआंग माईत खाव सोई. अंड्याच्या नूडल्स नारळाच्या दुधातल्या हळदी-करीच्या रश्श्यात, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला कच्चा छोटा कांदा, लिंबू, आंबवलेली मोहरीची पानं. हा पदार्थ युनानमधून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडला जातो. चिआंग माईत बान हो मशिदीच्या आसपास आजही त्याची जुनी मुस्लिम दुकानं आहेत. मुंबईच्या लग्नांत जो ‘खावसे’ असतो, तो याचाच ब्रह्मदेशाकडचा नातलग. १९४२ सालचं जपानी आक्रमण आणि १९६२ सालचा लष्करी उठाव यांनंतर ब्रह्मदेश सोडून परतलेल्या भारतीयांनी तो इकडे आणला. बेताचा मसाला, नारळाचं दूध आणि वरून घालायच्या वाट्याच वाट्या, ही रचना तीच.

बँकॉकमध्ये एकाच वेळी खूप काही चाखायचं असेल तर खाव कॅंगचं दुकान गाठावं. काचेमागे वीस-पंचवीस ताटं मांडलेली, बोटाने दोन-तीन दाखवायची, ती भातावर येतात. अन्न कोमट असतं, ते तसंच असायचं. पहाटे शिजलेलं, दुपारपर्यंत संपणारं. एक तिखट आणि एक सौम्य अशी जोडी घ्यावी. सौम्यांत तॉम च्युद, म्हणजे टोफू, कोबी, मुगाच्या नूडल्स यांचं निवळ सूप, किंवा गोडसर मसाल्यात मुरलेली उकडलेली अंडी. तिखटाच्या शेजारी असं काही थंड, निवांत ठेवणं ही थाई पानाची पद्धत आहे. एकट्या हिरव्या करीचा मोठा वाडगा मागवून घाम पुसत बसणारा पाहुणा या समतोलालाच मुकतो.

शाकाहाऱ्यांनी सावध असावं. साध्या ऑम्लेटमध्ये, परतलेल्या पालेभाजीत, सुपात, सगळीकडे नाम प्ला हा मिठात वर्षभर मुरवलेल्या छोट्या माशांचा अर्क असतो. ‘भाजी’ म्हणून मागवली तरी तो चुकत नाही, कारण तिथे ते मीठच आहे. त्यावर उपाय आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते ‘जे’ प्रकारचं जेवण, चिनी बौद्ध परंपरेतलं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. म्हणजे जैनांनाही बऱ्याच अंशी सोयीचं, कंदमुळं तेवढी विचारून घ्यावीत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो, तेव्हा याओवारात आणि फुकेतचे रस्ते या पताकांनी भरून जातात. चोक असो की नूडल्स, सगळ्यांच्या ‘जे’ आवृत्त्या मिळतात. थायलंडला जाऊ इच्छिणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनी हेच दिवस गाठावेत.

आणि शेवटी तो पदार्थ, जो थाई माणसाला परदेशात सर्वांत जास्त आठवतो आणि परदेशी मेन्यूवर जवळजवळ कधीच दिसत नाही: नाम फ्रिक कापी आणि प्लाथू. कापी म्हणजे मिठात कुटून, वाळवून मुरवलेल्या इवल्या कोळंबीचा जांभळट लगदा. ती कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली. तिच्यात लसूण, मिरची, लिंबू, ताडाचा गूळ घालून खलबत्त्यात चटणी करतात. भोवती उकडलेल्या आणि कच्च्या भाज्या, वांग्याचे तळलेले काप, आणि प्लाथू. हा मासा बाजारात बांबूच्या छोट्या गोल टोपलीत वाफवलेला मिळतो. टोपलीत मावावा म्हणून त्याची मान वाकवलेली असते. समुत सोंगख्राम प्रांतातल्या माए क्लोंगचा प्लाथू सर्वांत नावाजलेला. तळून, भातावर कुस्करून, चटणीला लावून खातात. प्लाथू आणि आपला बांगडा एकाच रास्ट्रेलिगर प्रजातीतले सख्खे भाऊ आहेत. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर बांगडा आहे, जवळा आहे, गूळ, मिरची, लिंबू, वांगी आहेत. सलमन आणि आयात केलेली शतावरी विकण्यापेक्षा मुंबईतल्या एखाद्या थाई हॉटेलाने पावसाळा संपताना, बांगड्याचे ढीग बाजारात लागतात तेव्हा, हे ताट मांडून पाहावं. मासेखाऊ मराठी गिऱ्हाइकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.